मुंगी चावल्यासारखं

१ मार्च २०२१, सोमवार

आजपासून साठीच्या पुढच्यांना लस. सकाळी पंतप्रधानांनी दिल्लीच्या एम्समध्ये कोव्हॅक्सिन घेतली, दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर तेच. दादाने, म्हणजे आत्याच्या मुलाने, पुण्यातून कोविनवर तिचं नाव घालायचा सपाटा लावला. ओटीपी येतो, पान उघडत नाही. उघडलं तर केंद्रांची यादी कोरी. रात्री एकदाचं जमलं आणि नोंदणीचा मेसेज थेट आत्याच्या फोनवर गेला. लगेच मला फोन.

"माझं नाव सरकारात गेलंय म्हणं. कुणी दिलं?"

"दादानं, आत्या. लसीसाठी."

"मग त्यालाच टोचून घे म्हणावं."

दादाला पंचेचाळीसही झालेली नाहीत. हे तिला माहीत आहे. म्हणूनच म्हणाली.

४ मार्च, गुरुवार

दहावीचे ऑनलाइन तास संपवून जुळे सोलापुरातून निघाले, सात रस्ता ओलांडून अशोक चौकात पोचेपर्यंत डोकं तापलं. मार्च उजाडला की सोलापूरला उन्हाळा विचारून येत नाही.

आत्या दारातच बसलेली. मांडीवर सूप घेऊन शेजारच्या अक्का विड्या वळत होत्या आणि आत्या त्यांच्याशी बोलत शेंगा सोलत होती. आत्याचे यजमान नरसिंग गिरजी मिलमध्ये जॉबर होते. मिल गेली, भोंगा गेला, पाठोपाठ तेही गेले. दोन खोल्या आणि आजूबाजूच्या मागांचा खडखडाट एवढं राहिलं. दादा हडपसरला बोलावून थकला. ती म्हणते, तिथं शेजारी कोण राहतं ते तिथल्या लोकांनाच माहीत नसतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, लॉकडाऊनच्या तोंडावर, तिच्या हृदयात स्टेंट बसला. एप्रिलात शहरातला पहिला रुग्ण पाच्छा पेठेत सापडला. तो सबंध उन्हाळा तिने दाराच्या फटीतून पाहिला. गल्लीतून एकाला ॲम्ब्युलन्समध्ये चालत चढताना पाहिलं, नंतर तो दिसलाच नाही. त्यामुळे दवाखाना म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको.

लसीचा विषय काढला. तिने फोन माझ्यापुढे धरला. लसीने माणूस मरतो. लसीत डुकराची चरबी असते. हे सगळं दाखवून झाल्यावर म्हणाली, "हे खोटंय, मला कळतंय. मी काय खुळी न्हाई." मग नेमकं काय, विचारलं तर शेंगा सोलत राहिली.

दादाचा व्हिडिओ कॉल आला. "आई, माझ्या घरापासून सिरमचं आवार किती लांब आहे? इथं बनते ती लस! सगळ्या जगात जाते. काही होत नाही गं."

आत्या म्हणाली, "साखर कारखान्याशेजारी राहून तुला गोड झालंय का कधी?"

८ मार्च, सोमवार

महिला दिनाचे गुलाब फोनवर. आत्याकडे नातेवाइकांचे फोन सुरूच आहेत. बार्शीची मावशी, लातूरचे भाऊजी, दादा, वहिनी. प्रत्येकाचं वाक्य एकच: काही होत नाही. नंतर तीच मला सांगत होती, "काहीच होत न्हाई तर एवढी माणसं मला फोन का करायल्यात?"

मला यात तिची काही चूक दिसत नाही.

११ मार्च, महाशिवरात्र

उपवास म्हणून भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन गेले. यंदा सिद्धेश्वराच्या देवळात जायचं नाही, यावर ती आधीच चिडलेली. जानेवारीत गड्ड्याची यात्रासुद्धा नेहमीसारखी झाली नाही. सत्तर वर्षांत असं पाहिलं नव्हतं, म्हणाली.

जेवताना तिच्या ब्लाउजची बाही वर सरकली. दंडावरचे ते गोल खड्डे मी लहानपणापासून बघतेय. आमच्या सगळ्या मोठ्यांच्या दंडावर असतात, पण आज पहिल्यांदा विचारलं, "देवी काढल्या तेव्हाचं आठवतं का गं?"

आठवत होतं. आणि लई आठवत होतं.

मोहोळ तालुक्यातलं गाव. ती सहा-सात वर्षांची. देवी डॉक्टर येणार म्हणून कोतवाल दवंडी देऊन गेला, तशी तिच्या आजीने तिला कणगीमागे बसवून वर पोतं टाकलं. ज्वारीची धूळ नाकात जाऊन शिंक आली आणि सापडली. चावडीवर नेलं. "रुपयाएवढी चकती हुती बघ, खाली दातं. दंडावर ठिवायची आन् गरकन् फिरवायची. एकदा न्हाई, चारदा." सांगताना तिने माझ्याच दंडावर अंगठा ठेवून फिरवला. मी हात मागे घेतला.

ते फिरतं हत्यार आपल्याकडे साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत वापरात होतं. पुढे दुतोंडी सुई आली तेव्हा त्रास कमी झाला. पण आत्याच्या वेळी तिचा दंड सुजून पिकला, ताप चढला, खपली पडायला पंधरवडा गेला, आजीने लिंबाचा पाला बांधला. आणि चकती फिरवण्याआधी तो डॉक्टर काय म्हणाला होता?

"म्हणाला, बाळ, काही होत न्हाई. मुंगी चावल्यासारखं वाटंल."

ही मुंगी पासष्ट वर्षं तिच्या लक्षात आहे. परवा लातूरच्या भाऊजींनीही नेमकं तेच वाक्य फोनवर टाकलं, आणि तिथेच बहुधा सगळं अडलं.

"पण देवी आल्या न्हाईत मला," ती पुढे म्हणाली. "माझ्या मागच्या आळीतल्या पोरीला आल्या. डोळा गेला तिचा." याचा अर्थ काय काढायचा ते तिने माझ्यावर सोडलं आणि ताट उचललं.

देशातली देवीची शेवटची रुग्ण १९७५ सालची, आसाममधली. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. आत्याचं लग्न, दादाचा जन्म सगळं याच्या आसपासचं. दादाच्या दंडावर मात्र ते खड्डे नाहीत.

१६ मार्च, मंगळवार

आता हे नवीन. गेल्या गुरुवारी डेन्मार्कने ॲस्ट्राझेनेकाची लस थांबवली, आणि काल जर्मनी, फ्रान्स, इटलीने. आपली कोव्हिशिल्ड म्हणजे तीच. मराठी वाहिन्यांवर लाल पट्टीत 'रक्ताच्या गुठळ्या', आणि मागे वाजणारं ते संगीत.

आत्याचा फोन येणार हे माहीत होतं, पण आला नाही. म्हणून मीच गेले. ती देवघरासमोर बसलेली. "गुठळीच झाली हुती ना मला? ती काढायला तर नळी घातली. आता मीच जाऊन गुठळी टोचून घिऊ?"

यावर 'काही होत नाही' म्हणायचं धैर्य मला झालं नसतं. प्रश्न बरोबर होता.

पाणी प्यायला आत गेले तर फडताळात गोळ्यांचा डबा. सोम, मंगळ, बुध अशी खणं आहेत त्याला, मीच आणला होता. सकाळच्या खणांत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल तशाच पडलेल्या. रविवारची, सोमवारची, आजचीही. बीपीची गोळी तेवढी गेलेली.

विचारलं तेव्हा एक मेसेज दाखवला: रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी लस घेऊ नये. म्हणजे बाई लस घ्यायची तयारी करत होत्या! कुणाला न सांगता. आधी गोळ्या बंद, रक्त 'सरळ' झालं की मग लस. तिकडे घेणार नाही म्हणून सगळ्यांशी भांडण, इकडे असा हिशोब. राग यावा की गहिवर, मला ठरवता येईना. डबा पिशवीत टाकला आणि तिला म्हटलं, उद्या डॉक्टर.

१७ मार्च, बुधवार

पेठेतले आमचे डॉक्टर जुने आहेत, आत्याच्या यजमानांनाही त्यांनीच तपासलं होतं. फेसशील्ड, मास्क, मध्ये प्लास्टिकचा पडदा. गोळ्या बंद केल्याचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, स्टेंट बसवलेल्या माणसानं या गोळ्या मनानं बंद करायच्या नसतात. नळीतच गुठळी होते. लसीनं होईल न होईल, यानं नक्की ओढवून घेतलं असतं तुम्ही."

मी मेसेजचं विचारलं. त्याचं मूळ आहे, ते म्हणाले. जानेवारीत कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांना लस घेऊ नका असं छापलं होतं. कोव्हिशिल्डच्या पत्रकात एवढंच की लस देणाऱ्याला आधी तसं सांगा. आत्याच्या दोन्ही गोळ्या चालू ठेवून लस घेता येते. सुई निघाल्यावर जागा चोळायची नाही, कापूस दाबून बसायचं, काळंनिळं झालं तर घाबरायचं नाही.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग पडद्याजवळ सरकून विचारलं, "मला काय काय हुईल, ते एकदा सांगा. खरं खरं."

डॉक्टरांनी सांगितलं. हात दुखेल, बहुतेक दुसऱ्या दिवशी जास्त. त्याच रात्री थंडी वाजून ताप येऊ शकतो, एक-दोन दिवस. अंग ठणकेल. अगदी क्वचित कुणाला टोचल्या टोचल्या जोराची ॲलर्जी येते, म्हणून अर्धा तास तिथेच बसवतात, इंजेक्शन तयार असतं. युरोपातल्या गुठळ्यांची चौकशी चालू आहे, चार दिवसांत कळेल, तोवर थांबलात तरी चालेल. "पण कोरोना झाला तर तुमच्या वयाला आणि या हृदयाला काय होतं, ते मी गेल्या वर्षी बघितलंय. त्यातसुद्धा गुठळ्या होतात, आणि त्या क्वचित नसतात."

बाहेर आल्यावर रिक्षात ती एवढंच म्हणाली, "ह्यो माणूस बरा बोलतो."

दादाला रात्री सविस्तर लिहिलं. त्याचं उत्तर: 'एवढं सगळं का सांगितलं तिला?'

१९ मार्च, शुक्रवार

युरोपच्या औषध संस्थेने काल निर्वाळा दिला. लसीचा फायदा धोक्याहून जास्त. गुठळ्यांचं एकंदर प्रमाण वाढलेलं दिसत नाही. मात्र प्लेटलेट कमी होऊन वेगळ्याच प्रकारच्या गुठळ्या झाल्याचे अगदी मोजके रुग्ण आहेत, त्यांचा लसीशी संबंध असू शकतो, तपास चालू राहील. वाहिन्यांवर फक्त पहिलं वाक्य. गेल्या आठवड्यात फक्त भीती होती, या आठवड्यात फक्त दिलासा. मधलं काही दाखवायची पद्धतच नाही.

आत्याला तिन्ही वाक्यं वाचून दाखवली. तिने विचारलं, "लसीनं कोण मेलंय का? कधीच?"

तेव्हा हाफकिनची गोष्ट सांगितली. परळच्या ज्या संस्थेला त्यांचं नाव आहे, ते हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मग तो सगळ्या इलाख्यात पसरला. सोलापूरही सुटलं नाही. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत आणि कॉरिडॉरमध्ये लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, नंतर लोकांना देत त्याच्या कितीतरी पट. त्याला सडकून ताप आला. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. नंतर लाखो लोकांनी घेतली. आणि १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल नावाच्या गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. बाटली उघडताना दूषित झाली होती. हाफकिनचं नाव खराब झालं, काम गेलं, वर्षानुवर्षं झगडून तो निर्दोष ठरला.

"म्हणजे मेलीत."

"मेली. औषधानं नाही, घाणीनं. पण मेली."

"आन् आता?"

आता दर बाटली कारखान्यात तपासून येते, दर माणसाला नवी सुई, एकदा वापरली की ती पुन्हा ओढताच येत नाही अशी. हे मात्र तिला आवडलं. गावच्या चावडीवर एकाच चकतीने आख्खी रांग उरकली होती. मध्ये काय ते दिव्यावर धरायचा, म्हणाली.

दादाचं म्हणणं मला पटत नाही. मुलकोवाल सांगितल्याने ती जास्त घाबरली नाही. उलट मांडी घालून नीट बसली.

२२ मार्च, सोमवार

सकाळी सात वाजता फोन. "बुधवारी पाणी न्हाई ना?"

सोलापुरात बाकी सगळ्या गोष्टी नळाच्या वारावर ठरतात. उजनी भरलेलं असो की रिकामं, आमच्याकडे पाणी चार-चार दिवसांआड. पाण्याच्या दिवशी लग्नाची बोलणीसुद्धा ठेवत नाहीत. आत्याच्या गल्लीत पाणी काल येऊन गेलं, बुधवारी नाही.

"मग बुधवारी जाऊन यिऊ. सकाळच्याला, ऊन व्हायच्या आत."

बस्स. ना घोषणा, ना 'तुम्ही म्हणता म्हणून'. मी दादाला कळवलं, त्याने हात जोडलेली दहा चिन्हं पाठवली.

दुपारी बातमी: कोव्हिशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर आता सहा ते आठ आठवडे.

२४ मार्च, बुधवार

महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र. शाळेसारखी बैठी इमारत, पुढे मांडव, मांडवात सोलापुरी चादर अंथरलेली बाकं. साडेनऊलाच उकाडा. आत्याने लग्नातली इरकल नेसली होती, पोलकं मात्र सैल बाहीचं. कालच बाही वर जाते का ते बघून ठेवलं होतं. आधार कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी, पाण्याची बाटली, एक कडक भाकरीचा तुकडा पुडीत.

नोंद झाली. आणि मग थांबणं. एका बाटलीत दहा डोस, उघडली की चार तासांत संपवावी लागते. म्हणून दहा माणसं जमेपर्यंत सिस्टर बाटली फोडेनात. नऊ जण होते. नऊच्या नऊ जण दहाव्याची वाट बघत रस्त्याकडे डोळे लावून बसले. एका आजोबांनी घड्याळ बघून सांगितलं, मी जातो, उद्या येतो; तशी बाकीच्या आठांनी त्यांना ओरडून बसवलं. शेवटी आशाताई समोरच्या बोळात गेल्या आणि कपडे वाळत घालणाऱ्या एका आजींना तशाच, पदर खोचलेल्या, घेऊन आल्या. आधार कार्ड मागून नातवाने पळत आणलं. टाळ्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या.

आत्याचा नंबर आला. स्टेंट आणि दोन्ही गोळ्या तिने स्वतःच सांगितल्या, मला बोलू दिलं नाही. सिस्टर तरुण, दमलेली, गोड बोलणारी. "काही नाही हो आजी, मुंगी चावल्यासारखं."

आत्या म्हणाली, "मुंगी चावल्यावर अर्धा तास बसवून ठिवतेत काय?"

सिस्टर मास्कच्या आत एवढी हसली की तिला सिरिंज बाजूला धरावी लागली. टोचलं डाव्या दंडावर, देवीच्या खड्ड्यांच्या खाली दोन बोटं. कापूस आत्याने असा दाबून धरला, जणू दंड पळून जाणार होता. निरीक्षणाच्या खोलीत पंखा एकच, त्याखालची खुर्ची तिने मिळवली. शेजारच्या बाईला रक्ताच्या गोळीचं समजावून सांगत बसली. अर्धा तास उलटून गेला तरी उठेना.

२५ मार्च, गुरुवार

मी रात्री तिच्याकडेच राहिले. अकराला हुडहुडी भरली. दोन चादरी घातल्या. दोन वाजता ताप १०१. पॅरासिटामॉल दिली, कपाळावर ओला फडका ठेवला. मला झोप नाही, तीच मला सांगत होती, "येणारच हुता. सांगितलंय की त्यानं." पहाटे घाम येऊन उतरला. सकाळी दंड दगडासारखा, कणीक मळता येईना.

दादाचा फोन आला, आवाज घाबरलेला. आत्या म्हणाली, "अरे ताप आला मला. चांगला आला." पंधरा दिवस 'काही होत नाही' म्हणणाऱ्या माणसाला त्या तापाने घाम फोडला, आणि जिला फुटायला हवा होता ती मजेत.

२८ मार्च, होळी

गल्लीत होळी पेटली नाही. आत्याने दारातच पाच गोवऱ्या लावल्या. हात बरा आहे.

२ एप्रिल, शुक्रवार

कालपासून पंचेचाळीसच्या पुढच्या सगळ्यांना. अक्का बावन्नच्या. आत्याने त्यांना बसवून घेतलं. मी शेजारी पेपर तपासत होते, कान तिकडे.

"ताप यितो. हात दुखतो. एक रात्र जाती. मी खोटं सांगायली न्हाई."

अक्कांनी मान हलवली. त्या घाबरलेल्या नव्हत्याच. पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापत म्हणाल्या, "अम्मा, ताप आला तर दोन दिवसाचे हजार-हजार कोण वळणार?"

यावर आत्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. विडीची मजुरी हजारावर मिळते. बसून काढलेल्या दिवसाची मिळत नाही. कारखान्यातून पान-तंबाखू मोजून येतं, विडी मोजून जाते, वाकडी असली की छाट म्हणून परत. गेल्या लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद होते तेव्हा अक्कांनी कानातलं मोडलं होतं. लस फुकट आहे हे खरं, पण ताप फुकट नाही. वर्तमानपत्रांत 'लसीबाबत गैरसमज' म्हणून जे काही छापतात, त्यात अक्का बसत नाहीत. त्यांचा कसलाच गैरसमज नाही.

बऱ्याच वेळाने आत्या म्हणाली, "पानं मी कापून दीन. वळता यायचं न्हाई मला, पण कापीन. दुसऱ्या दिवशी तेवढंच हलकं."

अक्का हसल्या. "तुम्ही कापलेली छाटच होतील." पण नाही म्हणाल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात बघू, असं ठरलं.

८ एप्रिल, गुरुवार

काल युरोपच्या संस्थेने त्या वेगळ्या गुठळ्या लसीचा अतिक्वचित दुष्परिणाम म्हणून नोंदवायला सांगितल्या. सापडलेले रुग्ण बहुतेक साठीच्या आतल्या बायका, बहुतेकांना लस घेतल्यापासून दोन आठवड्यांत त्रास.

दादाचा मेसेज बातमीआधी आला: आईला सांगू नकोस.

सांगितलं. न थांबणारी डोकेदुखी, पोटात दुखणं, पाय सुजणं, धाप, यांतलं काही झालं तर लगेच डॉक्टर, हेही सांगितलं. तिने बोटांवर मोजलं. "काल दोन आठवडे झाले की मला." मग थोडं थांबून, "आन् मी साठीच्या आतली न्हाई." तिने हे ज्या थाटात म्हटलं, तसं सत्तर वर्षांचं असणं मी अजून कुणाकडून ऐकलं नाही.

नंतर तिने विचारलं, अक्का बावन्नच्या आहेत, त्यांना सांगायचं का. दोघींनी जाऊन सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, लाखात एखादीला ना? मग आधी लस मिळू दे.

कारण केंद्राच्या दारावर आज पाटी आहे: लस संपली आहे. राज्यभर तीच ओरड. तीन आठवडे एका माणसाचं मन वळवायला गेले, आता वळलेल्या माणसाला द्यायला लस नाही.

१३ एप्रिल, गुढीपाडवा

देशात 'टीका उत्सव' चालू आहे. केंद्रावर पाटी तीच. उद्या रात्री आठपासून राज्यात संचारबंदी. पलीकडे पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणुकीच्या सभा, त्यांना अजून कसली बंदी दिसत नाही. गुढीला साखरेची गाठी मिळाली नाही, आत्याने गुळाचा खडा बांधला.

२४ एप्रिल, शनिवार

लिहवत नाही. शाळेतले एक सर गेले. ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, बेड, दिवसभर फोनवर हेच तीन शब्द. आत्याच्या बोळात दोन घरांत रुग्ण. माग बंद, गल्ली ऐकू येत नाही. ती आतून कडी लावून आहे, अक्का पलीकडून. भिंतीवर ठोकून एकमेकींना विचारतात, आहे का म्हणून.

१४ मे, अक्षय्य तृतीया

सकाळी आंब्याची पेटी दारात ठेवायला गेले. आत्याने कॅलेंडरवर ५ मे ला लाल गोल केलेला, त्यावर नंतर काट. ५ तारखेला दुसरा डोस मिळाला नाहीच. दोनदा रांगेत उभी राहून परत आली. बुधवारी राज्याने अठरा ते चव्वेचाळीसचं लसीकरण थांबवून त्या कुप्या दुसऱ्या डोसवाल्यांकडे वळवल्या, तेव्हा तिला आशा वाटली. आणि काल केंद्राने अंतर बारा ते सोळा आठवडे केलं.

मला वाटलं, आता हिचा विश्वास गेला. आधी अठ्ठावीस दिवस, मग सहा-आठ आठवडे, मग बारा-सोळा. कुणालाही शंका येईल की लस नाही म्हणून अंतर वाढतंय. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि जे वाचलं होतं तेही सांगितलं: ब्रिटनमध्ये बारा आठवडे ठेवतात, जास्त अंतराने लस चांगली लागते असं तिथल्या चाचण्यांत दिसलंय. दोन्ही खरं असू शकतं.

"किती तारीख येती?"

२४ मार्चपासून ८४ दिवस मोजले. १६ जून, बुधवार. तिने गोल केला. मग पेन तसंच हातात धरून म्हणाली, "म्हणजे आत्ताची माझी शिल्लक राहिली."

"तसं नसतं आत्या, तुझ्या नावाची बाटली ठेवलेली नाही."

"मला कळतंय ते. पण माझ्यासारख्या म्हाताऱ्या लई असतील की. सगळ्यांचं म्होरं गेलं तर कुप्या उरतीलच. मग अक्काला मिळाय पायजे. विचार तू."

विचारलं. केंद्रावर फोन लागत नव्हता, शेवटी आशाताईंनी उचलला. त्या म्हणाल्या, दुसऱ्या डोसवाले कमी झाल्यामुळे उद्या थोड्या कुप्या पहिल्या डोसला लागणार आहेत, टोकन सकाळी सातला, आधार कार्डाची झेरॉक्स आणा. आत्याने भिंतीवर ठोकलं आणि ओरडून सांगितलं. पलीकडून अक्कांनी विचारलं, उद्या कारखान्यात माल द्यायचाय, पानं कोण कापणार?

आत्या पदर खोचून पलीकडे गेली. मी झेरॉक्सचं दुकान उघडं आहे का बघायला निघाले.